काळदरीत एकटा माणूस आणि इतर अडतीस

मनोज गायधनींची अट एकच होती. चॅनेलवाल्यांनी त्यांच्या वडिलांच्या कादंबरीवर टीव्हीसाठी खुशाल सिनेमा काढावा, नायकाला दाढी ठेवावी नाहीतर काढावी, बिबट्या खरा आणावा नाहीतर कॉम्प्युटरवर करावा. पण सिनेमात दुसरा माणूस दिसता कामा नये. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत नायक एकटा.

अट रास्तच होती. कै. द. वि. गायधनी, म्हणजे मनोजरावांचे तात्या, यांची 'काळदरीतले चाळीस दिवस' ही जंगलातल्या साहसाची अजरामर कादंबरी आहे, याबद्दल निदान गंगापूर रोडवरच्या 'सुखशांती' सोसायटीत तरी दुमत नव्हतं. एक शाळामास्तर दिवाळीच्या सुट्टीत पेठच्या पलीकडच्या डोंगरात एकटा शिरतो, चाळीस दिवस राहतो, बिबट्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो, कंदमुळं खातो आणि परत येतो. तात्यांनी हे सगळं स्वतः केलं होतं आणि मग लिहिलं होतं. आठवीच्या पाठ्यपुस्तकात त्यातला एक धडा होता. 'चाळीस दिवस मी माणसाचं तोंड पाहिलं नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही,' हे वाक्य परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरणाला हमखास यायचं.

"कशी होईल आठवण?" ज्योत्स्नाबाई, मनोजरावांच्या सौभाग्यवती, भाजी निवडता निवडता म्हणत. "सहा महिन्यांचं पोर आणि दमेकरी सासू आईंच्या गळ्यात टाकून गेले होते ना!"

ते सहा महिन्यांचं पोर म्हणजे खुद्द मनोजराव. त्यामुळे हा मुद्दा निघाला की ते पेपर उघडत.

त्यातल्या त्यात नववं प्रकरण तर थोरच. रोज सकाळी नायकाला एका सपाट खडकावर काहीतरी खायला ठेवलेलं सापडतं. कोण ठेवतं, कळत नाही. 'रानाने मला घास भरवला,' एवढंच तात्या लिहितात. या एका वाक्यावर एका प्राध्यापकांनी 'निसर्गाचे मातृरूप' असा दीडशे पानांचा प्रबंध ठोकून डॉक्टरेट पदरात पाडून घेतली होती. प्रबंधाची एक प्रत मनोजरावांच्या शोकेसमध्ये होती. ती कुणी वाचली नव्हती, पण पुसली दर रविवारी जायची.

खुद्द मनोजरावांनी आयुष्यात काय केलं, असं कुणी विचारलं नसतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात पस्तीस वर्षं ते रजेच्या टेबलावर बसले. कोणत्या मास्तराची किती रजा शिल्लक, कुणाची बिनपगारी, कुणी सुट्टीला रजा जोडून सरकारला फसवलं, हे ते अर्ज नुसता हातात घेऊन सांगत. बाकी ते 'तात्यांचे चिरंजीव' होते. सोसायटीच्या गणपतीत सत्यनारायणाला बसण्यापासून ते शाळेच्या ग्रंथदिंडीत पालखीला खांदा देण्यापर्यंत जो काही मान मिळे, तो त्या काळदरीतून येत होता. तिथे दुसरा माणूस घुसला की मनोजरावांची जागा गेलीच म्हणून समजा.

दिग्दर्शक मयूर हा तिशीतला, डोक्यावर अंबाडा बांधलेला तरुण होता. त्याने अट ऐकली, मान डोलावली आणि करारात कलम घातलं: 'कथेत नायकाखेरीज अन्य मनुष्य-पात्र वारसांच्या लेखी संमतीशिवाय घालता येणार नाही.' मनोजरावांनी ते तीनदा वाचून सही केली. 'वारसांच्या' हे अनेकवचन मात्र त्यांच्या नजरेतून निसटलं.

वारस दोन होते. दुसरी वारस देवळ्याला राहत होती आणि तिचं नाव प्रतिभा.

"सही करते की, दादा," प्रतिभाताई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या. "तात्या माझे नव्हते का? फक्त आमच्या स्वराजचं बघ. नातू आहे त्यांचा. नाक अगदी तात्यांचं."

"अगं, पण सिनेमात एकच माणूस आहे."

"मग तो माणूस लहानपणी कुठेतरी असेलच ना? का डायरेक्ट चाळीस वर्षांचा जन्मला?"

नायकाला बालपण मिळालं. स्वराज अकरा वर्षांचा, वजन बावन्न किलो, आणि तात्यांचं नाक गालांमधून शोधून काढावं लागे. संमतीपत्रावर मनोजरावांनी सही केली आणि स्वतःची समजूत घातली की बालपणीचा नायक म्हणजे काही दुसरा माणूस नव्हे, तोच तो.

पुढची भानगड नावाची. पुस्तकावर 'द. वि. गायधनी', मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तू विनायक गायधनी' आणि शाळेच्या कागदात 'दत्तात्रेय विनायक'. चॅनेलच्या वकिलाने हे तिघेही एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, वर मयताला तीस वर्षं ओळखणारा साक्षीदार. असा साक्षीदार सोसायटीत एकच शिल्लक होता. चेअरमन वाळूनाना खैरनार, मूळचे सटाण्याकडचे, कांद्याच्या व्यापारातून निवृत्त आणि सल्ल्यातून अद्याप नाही.

"सही म्हंजे काय, आत्ता करतो," वाळूनाना म्हणाले. "पण मनोजराव, रागावू नका, एकटा माणूस दीड तास कोण बघंल? मी आमच्या घरात एकटा बोलाया लागलो तर बायको दहा मिनिटांत टीव्हीचा आवाज वाढवते. एखादं म्हातारं पाहिजे गावातलं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून सांगणारं, बाबा रे, नको जाऊ, वर वाघ शे!"

"बिबट्या."

"तेच. हे म्हातारं कोण करंल, याचा इचार करा."

विचार करायला मनोजरावांना वाव नव्हता, कारण नानांनी पेन उघडलंच नव्हतं. म्हातारं ठरलं. नानांनी त्याच दिवशी मुंडासं विकत आणलं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'नको जाऊ, बाबा' सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी त्या दिवशी खरंच परत फिरले, असं म्हणतात.

जंगलात चित्रीकरण करायचं तर परवानगी हवी. ज्या कार्यालयात ती मिळते, तिथल्या फॉर्मवर 'वनक्षेत्रात प्रवेश करणाऱ्या व्यक्तींची संख्या' असा रकाना होता. मनोजरावांनी मोठ्या अभिमानाने तिथे 'एक' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म सरळ परत सरकवला.

"एकट्या माणसाला परवानगी नाही."

"अहो, पण कथाच एकट्या माणसाची आहे!"

"कथेचं मला माहीत नाही. सुरक्षेचा नियम आहे. गट करून या. सोबत स्थानिक वाटाड्या, प्रथमोपचार येणारा एक, आणि गटप्रमुख."

"आमचे वडील एकटे चाळीस दिवस राहिले होते हो तिथे."

"विनापरवाना?" बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून बघितलं.

आयुष्यभर ज्यांनी इतरांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले, त्या मनोजरावांनी स्वतःच्या वडिलांना नियमभंगाच्या प्रकरणात अडकवण्याआधी काढता पाय घेतला. नव्या फॉर्मवर आकडा अडतीस झाला, आणि गटप्रमुख म्हणून खाली सही झाली मनोज द. गायधनी. मधल्या काळात प्रायोजक मिळाला होता, 'सगुणाबाई काळा मसाला'. सगुणाबाई स्वतः हयात होत्या, उत्साही होत्या, आणि नायकाला स्वप्नात आई दिसावी अन् तिने रश्श्यात मसाला घालावा, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रतिभाताईंनी संमतीपत्रावर सही करून वर लिहिलं, 'मग स्वराजलाही जेवताना दाखवा.'

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पेठ रोडने दोन मिनीबस, एक टेम्पो आणि जनरेटर अशी मिरवणूक एकाकीपणाच्या शोधात निघाली. पुढच्या गाडीत मांडीवर कादंबरी घेऊन मनोजराव बसले होते. मागे वाळूनाना आणि सगुणाबाई यांच्यात कैरीच्या लोणच्यावरून वाद पेटला होता आणि स्वराजने सावळ घाटाच्या पायथ्याशीच नायकाचे ड्रायफ्रूट संपवले होते.

काळदरी खरी निघाली. दरी होती, उतरत्या कौलांची चारसहा घरं होती, आणि ओढ्याकाठी एक सपाट खडकही होता. तो खडक बघून मनोजरावांना भरून आलं. त्यांनी चपला काढून नमस्कार केला. खडकावर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वाळत टाकलेली होती. ती उचलायला मयूरने माणूस पाठवला, कारण निसर्गाच्या मातृरूपात ती बसत नव्हती.

पहिले दोन दिवस जे व्हायचं ते झालं. वाळूनानांनी 'नको जाऊ, बाबा' इतकं जीव तोडून सांगितलं की नायक, जो मुंबईहून आला होता आणि ज्याला रेंज मिळत नव्हती, तो खरोखर जायला निघाला. मनोजराव एका दगडावर बसून सगळं बघत होते. तात्यांच्या एकांतात एवढी गर्दी झाली होती की चहाला रांग लागत होती. आणि तिची प्रत्येक परवानगी त्यांच्याच सहीची होती. त्यांना स्वतःची मनस्वी चीड आली.

तिसऱ्या दिवशी कंदाचा प्रसंग होता. सातव्या प्रकरणात नायक रानातला कंद उकरून, विस्तवावर भाजून खातो. 'मधाहून गोड,' असं तात्यांनी लिहिलंय. मयूरच्या माणसाने पिशवीतून रताळं काढलं. नाशिकच्या मंडईतलं, धुतलेलं, गुलाबी रताळं.

मनोजरावांच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला तो इथे.

"रताळं?" ते ओरडले. "तात्यांनी काय एकादशी केली होती का जंगलात? बालपण घेतलंत, म्हातारा घेतलात, मसाला घेतलात! मी तोंड शिवून बसलो. हा प्रसंग पुस्तकाबरहुकूम होईल, नाहीतर मी गटप्रमुख आहे, आत्ता गट घेऊन खाली जातो!"

सगळे चपापले. गायधनींच्या आवाजात एवढी धार असते, हे स्वतः गायधनींनाही नवं होतं. वाटाड्या मंगळू, काळदरीचाच पन्नाशीचा माणूस, याला कंद आणायला पाठवलं. त्याने आणला, पण हातात देईना.

"असा नाय खात हा, सायेब," तो म्हणाला. "कडू कंद हाय. राखंत उकडायचा, रातभर वाहत्या पाण्यात ठिवायचा, मंग खायचा."

"पुस्तकात भाजूनच आहे," मनोजराव म्हणाले.

"पुस्तकात असंल. पर कंदाला काय ठाव?"

पण मनोजरावांचं आता ठरलं होतं. साठ वर्षं छापलेलं, आठवीला लावलेलं, दीडशे पानी प्रबंधात गौरवलेलं वाक्य खरं, की हा मंगळू खरा? कंद भाजला गेला, कॅमेरा सुरू झाला. नायकाने मोठा घास घेतला, डोळे मिटले, आणि 'मधाहून गोड' म्हणायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग त्याने घसा धरला. मग तो उड्या मारू लागला. मयूर 'कमाल, कमाल' म्हणत चित्रीकरण करत राहिला, कारण त्याला वाटलं अभिनय चाललाय. प्रथमोपचार येणारा एक जो फॉर्मवर होता, तो फॉर्मवरच होता.

इतक्यात घरांकडून एक म्हातारी लगबगीने आली. हातात चिंचेच्या कोळाचं पाणी. तिने नायकाचं डोकं पाठीमागून धरलं, पाणी पाजलं, ओकायला लावलं, पुन्हा पाजलं. तो जरा शांत झाल्यावर ती मटकन खडकावर बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"माझी आय," मंगळू ओशाळून म्हणाला. "भागीबाई."

"अस्साच," भागीबाई डोळे पुसत म्हणाली, "अस्साच नाचला व्हता त्यो मास्तर! ह्याच जागंला! म्या त्यालाबी चिचंचंच पाणी पाजलं."

मनोजराव पुस्तक घेऊन पुढे सरकले.

"कुठला मास्तर, आजी?"

"नाशकाचा. लांब नाकाचा. मी तवा नवी नवरी व्हती. आला दिवाळीच्या सुट्टीत, रानात एकला ऱ्हातो म्हनला. पयल्याच राती कोल्हा वरडला तर पळत आमच्या वट्यावर. मंग सासू म्हनली, निजू दे गं, कुनाचं तरी लेकरू हाय." ती बसल्या खडकावर हात फिरवत म्हणाली, "दिसाला मातर हितं येऊन काय काय लिवायचा. घरात खायाला लाजायचा बिचारा. मंग मी पहाटंची भाकर करून हितं ठिवून जायची. नागलीची. वर मिरचीचा ठेचा. दिवाळी सरली, शाळा लागली म्हनून गेला."

कुणीतरी हसलं. बहुधा वाळूनाना. मनोजरावांना ते ऐकू आलं नाही. ते मनात हिशेब करत होते. दिवाळीची सुट्टी. एकवीस दिवस. शाळा उघडल्यावर हजर. पस्तीस वर्षं त्यांनी अख्ख्या जिल्ह्याच्या मास्तरांच्या रजा मोजल्या, एकेका दिवसासाठी लोकांना हेलपाटे घालायला लावले, आणि दिवाळीच्या सुट्टीत चाळीस दिवस बसत नाहीत, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

भागीबाईने त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं. "हेच का त्याचा पुस्तक?"

"हो."

"माझा नाव हाय त्याच्यात?"

मनोजरावांना पुस्तकातलं पान अन् पान पाठ होतं. तरीही त्यांनी ते उघडलं, नववं प्रकरण काढलं, चष्मा पुसला, आणि पस्तीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांना जे सांगितलं होतं तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"बघून सांगतो."

"बघ," भागीबाई म्हणाली आणि बाजूला काढून टाकलेली नागलीची कणसं गोळा करून निघून गेली.

मनोजरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाने घास खाऊन नाव गिळलं होतं, आणि मुलगा त्या गिळलेल्या नावाच्या जोरावर सत्यनारायणाला बसत आला होता.

संध्याकाळी त्यांनी मयूरला गाठलं. "भागीबाईंना घ्या सिनेमात. खडकावर भाकरी ठेवताना. त्यांच्या नावासकट."

"सर, कलम आहे," मयूर गंभीरपणे म्हणाला. "अन्य मनुष्य-पात्र घालता येणार नाही. तुमचंच आहे. आणि ही तर थेट मूळ कथाच बदलते. दोन्ही वारसांची संमती लागेल. चॅनेल विचारेल, पुरावा काय?"

पुरावा घरात होता. दुसऱ्या दिवशी नाशिकला जाऊन तात्यांच्या पेन्शनसाठी जपून ठेवलेलं सेवापुस्तक मनोजरावांनी काढलं. दिवाळी सुट्टी एकवीस दिवस, बाविसाव्या दिवशी शाळेत हजर, खाली मुख्याध्यापकांची सही आणि तात्यांची वळणदार सही. अशी नोंद मनोजरावांच्या टेबलावर आली असती तर त्यांनी चाळीस दिवसांचा दावा लाल शाईने फेटाळला असता. त्यांनी देवळ्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. आता तात्यांची बदनामी, खानदानाचं नाक वगैरे सुरू होणार म्हणून ते डोळे मिटून बसले.

"दादा," प्रतिभाताई शेवटी म्हणाल्या, "आई नेहमी म्हणायची आठवतं? चाळीस दिवस कंदमुळं खाऊन आले, आणि सदरा पोटावर बसेना."

आणि दोघं बहीणभाऊ फोनवर इतके हसले, की ज्योत्स्नाबाई लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. हसता हसता मनोजरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"सही पाठवते," प्रतिभाताई म्हणाल्या. "पण स्वराज राहिला पाहिजे."

स्वराज राहिला नाही. सिनेमा लागला तो एका रविवारी दुपारी, आणि दीड तासात जाहिराती बसवताना कात्री अशी फिरली की नायकाचं बालपण गेलं, स्वप्नातली आई गेली, आणि वाळूनानांचं मुंडासं तेवढं मागून दोन सेकंद दिसलं. सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. पहिल्या रांगेत, प्रतिभाताई आणि वाळूनाना यांच्या मधल्या खुर्चीवर, भागीबाई पाय वर घेऊन बसली होती. मनोजराव स्वतः पहाटेच्या एसटीने जाऊन तिला आणि मंगळूला घेऊन आले होते.

पडद्यावर पहाट झाली. ओढा दिसला, सपाट खडक दिसला, आणि भागीबाई वाकून त्यावर भाकरी ठेवू लागली. खाली अक्षरं आली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. वाळूनाना आपलं मुंडासं कापल्याच्या दुःखात आधीच पेटलेले होते, ते उठून उभे राहिले.

"हे काय, मनोजराव? माणूस नको, माणूस नको म्हणून आम्हाला कापलं, अन् ही बाई कुठून आली? पुस्तकात तर बाई नाहीच!"

एरवी मनोजराव खाकरले असते, चष्मा पुसला असता, बघून सांगतो म्हणाले असते. आज ते उठले.

"पुस्तकात नाही," ते म्हणाले. "आमच्या तात्यांनी घातली नाही. पण तात्या जिवंत परत आले ते हिच्या भाकरीवर, म्हणून सहा महिन्यांच्या मला बाप राहिला. आजी, तुम्ही विचारलं होतं ना? पुस्तकात तुमचं नाव नव्हतं. इथे आहे. वाचून दाखवतो." आणि त्यांनी पडद्यावरची दोन्ही नावं मोठ्याने वाचली. "कथा, द. वि. गायधनी. भाकरी, भागीबाई."

भागीबाईने पडद्याकडे नीट बघून घेतलं. नायक खडकापाशी आला होता आणि एकांताचा अभिनय करत भाकरीचा इवलासा तुकडा मोडत होता.

"नाव बराबर हाय," भागीबाई म्हणाली. "पर तुझा बाप असा चिमनीवानी नाय खायचा. चार भाकरी खायाचा आन् पाचवी मागाया लाजायचा."